घरच्या अभ्यासाचं पाणी कधी तोडायचं



मार्च २०२५ ची नोंद. उन्हाळी कांद्याला आज पंच्याण्णव दिवस झाले. एक पाणी राहिलंय, ते झालं की पाणी तोडायचं. पात अजून हिरवी आहे, पण मानेला हात लावला की नरम लागते. फुलकिडे आटोक्यात आहेत. कांद्याची खबर एवढीच. पुढचं जे लिहितोय ते कांद्याचंही आहे आणि पोरांच्या अभ्यासाचंही.

आपल्याकडं शाळेत न जाता घरी शिकणारी पोरं दिसतात त्याहून जास्त आहेत. कुणी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसतंय. कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि पोरगं कोपीवर पुस्तक घेऊन बसलंय. कुणाचं दुखणं आहे. शहरात काही जण शाळा नको म्हणून मुद्दाम घरी शिकवतात, ते वेगळे. कारण काहीही असो, फेब्रुवारी-मार्च आला की या सगळ्या घरांत एकच गोष्ट होते. जूनमध्ये उड्या मारत सुरू झालेला अभ्यास बसकण मारतो. पोरगं पुस्तक उघडत नाही आणि शिकवणाऱ्या माणसाचाही जीव उबगतो. मागच्या साली हे आमच्याच घरात झालं, तेही गावापासून लांब, लालबागच्या एका चाळीत. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

जून २०२३. नातू तेव्हा दहा वर्षांचा, पाचवीत जाणार. शाळा सुरू व्हायच्या आधीच त्याला रक्ताचा आजार निघाला आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सात-आठ महिने जोराचे उपचार, त्यानंतर लांबवर हलकी औषधं. रक्तातल्या पेशी कमी झाल्या की साधा सर्दी-खोकलाही महाग पडतो, म्हणून शाळा नाही, गर्दी नाही, बाहेरचं खाणं नाही. गावाहून रोज काही येणं-जाणं जमणार नव्हतं. आळेफाट्याला एसटी धरा, माळशेज उतरा, कल्याणला लोकल, दादरला उतरून पुढं परळ. दुखणाईत पोराला ते झेपत नाही.

परळमध्ये आमच्यासारखी माणसं देशभरातून येतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कुणी एखाद्या संस्थेच्या खोलीत, कुणी फूटपाथवर. आमचं नशीब बरं, माझे साडू लालबागला राहतात. गिरणीत नोकरी केलेला माणूस. दहा बाय बाराची खोली, पुढं सामाईक गॅलरी, टोकाला संडास. त्या खोलीत साडू, मेव्हणी, आमची सून आणि नातू. मी आणि मुलगा आळीपाळीनं पंधरा-पंधरा दिवस जायचो, एक जण रानात, एक जण मुंबईत.

गावच्या शाळेच्या गुरुजींनी नाव काढलं नाही. पुस्तकं दिली, आठवड्याला काय घ्यायचं ते व्हॉट्सॲपवर पाठवायचे. त्या वर्षी सरकारनं पुस्तकांचे चार भाग केले होते, सगळे विषय एका भागात, आणि मधे ‘माझी नोंद’ अशी कोरी पानं. आमच्यासाठी ते सोयीचं होतं, दवाखान्यात जाताना एकच पातळ पुस्तक पिशवीत टाकायचं. शिकवायचं काम सुनेकडं. ती बारावी झालेली. मी दहावी. त्यापुढं वडिलांनी मला पाण्यावर लावलं, म्हणून मी पाढे, गणित आणि वाचून घेणं एवढंच बघायचो.

सुरुवात जोरात झाली. सुनेनं वेळापत्रक करून कपाटाला चिकटवलं. सकाळी दहा ते बारा, दुपारी चार ते पाच. जुलै-ऑगस्टमध्ये सलाईनच्या दिवशीसुद्धा पोरगं पाढे म्हणायचं. सप्टेंबरात गणपती आले. लालबागला त्या दहा दिवसांत काय गर्दी असते ते वेगळं सांगायला नको. खाली ढोल वाजतोय आणि हे पोरगं बंद खिडकीच्या आत तोंडाला मास्क लावून बसलेलं. तेही त्यानं काढलं. दिवाळीपर्यंत दोन भाग संपले होते.

मोडलं ते फेब्रुवारीत. गंमत बघा, तब्येत तेव्हा सुधारायला लागली होती. जोराचे उपचार संपत आले होते. मी माझ्या पाळीला गेलो तर वेळापत्रकाचा कागद एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होता आणि चौथ्या भागाची पानं एकमेकांना चिकटलेली. सून म्हणाली, “मामा, हा बसतच नाही. आणि खरं सांगू का, मलाही आता बसवत नाही.”

मी नातवाला विचारलं, “का रे, कंटाळा आला?”

तो म्हणाला, “आबा, हे संपतच नाही.”

त्यावर मी दोन दिवस विचार केला. पोरगं आळशी नव्हतं. ज्यानं सुईला हात पुढं केला आणि वर पाढे म्हटले, त्याला आळशी कोण म्हणेल? ते म्हणत होतं ते अगदी बरोबर होतं. त्याचा अभ्यास खरंच संपत नव्हता.

शाळेत वर्ष कसं संपतं ते आठवा. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन होतं, खेळ होतात, सहल जाते. फेब्रुवारीत मास्तर म्हणतात हा शेवटचा धडा. मग उजळणी, वेळापत्रक लागतं, शेजारचा पोरगा म्हणतो माझं गणित राहिलंय. शेवट जवळ येतोय हे न सांगता कळतं. बैल घराच्या वाटेला लागला की पाय उचलतो तसं पोरांचं होतं. घरात शिकणाऱ्याला यातलं काहीच नाही. घंटा नाही, सोबती नाही, सुट्टीही नाही. सोमवारी जे, तेच रविवारी. त्याला जुलै आणि मार्च सारखाच. ज्या सऱ्यांचं टोक दिसत नाही, त्यात खुरपं घेऊन बसायला मोठा माणूससुद्धा कंटाळतो.

उपाय सांगणारे पुष्कळ होते. एक नातेवाईक, चांगला शिकलेला माणूस, म्हणाला, “आता शेवटचा महिना आहे, दोन तास वाढवा, बाजारातून गाइड आणा, सराव प्रश्नसंच घ्या.” सुनेनं बक्षीस लावून बघितलं, ते तीन दिवस चाललं. चाळीतल्या एका मुलानं मोबाइलवर जुनी बातमी दाखवली, पोराला हुरूप यावा म्हणून.

ती बातमी सांगण्यासारखी आहे. मालविका जोशी नावाची मुंबईची मुलगी. दादरच्या पारसी युथ्स असेंब्ली शाळेत सातवीत होती, अभ्यासात चांगली. तिच्या आईनं तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. मुलीला संगणकाच्या प्रोग्रॅमिंगची गोडी लागली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिला दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळालं. बारावीचं सर्टिफिकेट नाही म्हणून आयआयटीत दार बंद, पण २०१६ साली, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटीनं तिला घेतलं. दहावी नाही, बारावी नाही. तिची आई आधी कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होती. तिथं आठवी-नववीतली आजारी पोरं बघून तिच्या मनावर परिणाम झाला आणि आपल्या मुली आनंदात राहाव्यात असं तिनं ठरवलं, असंही बातमीत होतं. परळ-दादरच्या त्याच रस्त्यांवर आम्ही वर्षभर चालत होतो, म्हणून ते वाचून मला गलबलून आलं.

पण सुनेला ते वाचून उलट वाईट वाटलं. ती म्हणाली, “त्या बाईंनी एवढं केलं, माझ्याच्यानं पाचवीचं पुस्तक संपत नाही.” हे मी नेहमी आपल्या धंद्यातही बघतो. एकरी वीस टन कांदा काढणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, तो खरा असतो. पण ज्याच्या रानात करपा आलाय त्याला त्या फोटोनं काही फवारता येत नाही. बातमी खळ्यावरची रास दाखवते, मधला फेब्रुवारी दाखवत नाही. त्या घरातही असे महिने आले असतील. एक मात्र मला त्यातून घेण्यासारखं वाटलं. शाळा सोडली तरी त्या मुलीपुढं परीक्षा होती, ऑलिंपियाडची, तिला तारीख होती. शाळा नसलेल्या घरालाही कुठंतरी टोक लागतंच.

खरा उपाय सांगितला तो साडूंनी. साडूंची हकिकत अशी. गावात सातवीला शाळा सुटली, मुंबईत येऊन गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. सकाळी सातची पहिली पाळी, साडेतीनला सुटायचं, संध्याकाळी रात्रशाळा. तसं करत ते मॅट्रिक झाले. पुढं १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तेही. ती वेगळी कहाणी आहे. पण रात्रशाळेचं ते जे बोलले ते मी माझ्या वहीत लिहून घेतलं.

साडू म्हणाले, “पाव्हणं, रात्रशाळेत जूनला साठ पोरं असायची आणि मार्चला वीस. गिरणीत आठ तास उभं राहून आलेला माणूस, त्याला काय हुरूप राहणार? आमचे एक मास्तर होते, ते फेब्रुवारीनंतर नवीन काही शिकवायचेच नाहीत. म्हणायचे, जे झालंय तेवढंच घ्या. एक-एक प्रश्न प्रत्येकाकडून म्हणून घ्यायचे. ज्याला येतंय असं त्याला स्वतःला दिसलं, तो दुसऱ्या दिवशी परत यायचा.”

हे ऐकलं आणि मला माझा कांदा डोळ्यापुढं आला.

इथं शेतीतली माणसं वाचतात म्हणून सविस्तर लिहितो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस आपण सगळे जाणतो. नत्राचा एक हिस्सा लागवडीला, उरलेला दोन हप्त्यांत, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवसाला. साठ दिवसांनंतर नत्र नाही. तरी दरसाल कुणीतरी नव्वदाव्या दिवशी युरिया फेकतोच. पात बघून वाटतं की कांदा मागे पडलाय, अजून थोडं देऊ. होतं काय? पात हिरवीगार होते, मान जाड होते, कांदा मिटत नाही. काढल्यावर चाळीत दोन महिन्यांत सडतो नाहीतर कोंब येतात. शेवटच्या टप्प्यात कांद्याला खायला नको असतं. पानात जे तयार झालंय ते खाली गड्ड्यात उतरायला त्याला वेळ हवा असतो. म्हणून काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडतो. निम्म्या माना पडल्या की उपटतो. तीन दिवस वावरात पातीसकट सुकवतो, इंचभर मान ठेवून पात कापतो, दहा-बारा दिवस सावलीत ठेवतो. मगच चाळ.

अभ्यासाचं वर्षही असंच आहे असं मला वाटलं. फेब्रुवारीत दोन तास वाढवणं म्हणजे नव्वदाव्या दिवसाचा युरिया. वहीत पानं भरलेली दिसतील, पण आत काही उतरणार नाही, आणि जूनमध्ये विचारलं तर कोरं. शेवटी वाढवायचं नसतं, तोडायचं असतं. पण तोडायला आधी काढणीची तारीख ठरलेली पाहिजे. तारीख नसेल तर पाणी कधी तोडायचं ते कसं कळणार?

मग आम्ही तारीख धरली. त्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला होता. गुरुजींना फोन केला. त्याच वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत सुरू झाली होती. पस्तीस टक्के लागणार, नापास झालं तर निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. आमची परीक्षा एप्रिलच्या मध्याला. पोराच्या मनात भीती हीच होती की सोबतची पोरं सहावीत जातील आणि आपण मागं राहू. तो बोलत नव्हता, पण आईला एकदा विचारलं होतं. मी गुरुजींना म्हटलं, “चौथ्या भागातलं काय आल्याशिवाय चालणार नाही, तेवढं सांगा.” गुरुजींनी पुस्तकाच्या फोटोवर खुणा करून पाठवल्या. अख्खा भाग होता त्यातले नऊ धडे राहिले. बाकीचं त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या वर्षी सहावीत परत येतंच.

ते नऊ धडे एका कागदावर लिहिले आणि जुनं वेळापत्रक काढून तिथं तो कागद लावला. वेळ लिहिली नाही, फक्त धडे लिहिले. झाला की पोरानं स्वतः खोडायचा. पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ खोडायचे, त्यानंतर पुस्तक बंद. सुनेला म्हटलं, “तूही त्या दिवशी सुट्टीवर.” ती हसली. किती दिवसांनी हसली ते मी मोजलं नाही.

वेळ कमी केला. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. रक्त तपासायच्या दिवशी आणि इंजेक्शनच्या दिवशी पुस्तकाला हात नाही, आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. आजारी पोराचे बरे दिवस कुठले ते त्याला स्वतःला कळतं. आपण वाफसा आल्याशिवाय औत घालतो का? ओल्यात घातलं तर ढेकळंच निघतात.

नवीन शिकायचं ते हातानं शिकलं. परिमिती आणि क्षेत्रफळ राहिलं होतं. खोली मोजली, दहा गुणिले बारा, एकशे वीस चौरस फूट. मी विचारलं, गुंठ्यात अशा किती खोल्या बसतील? गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, एक हजार एकोणनव्वद. त्यानं भागाकार केला, नऊ खोल्या आणि थोडी जागा उरते. मग स्वतःच म्हणाला, “म्हणजे आपल्या एकरात तीनशे साठ खोल्या, आबा. अख्खा मजला आपल्या एका वावरात मावेल.” मेव्हणी ऐकत होती, म्हणाली, “आणि संडास किती लागतील तेही काढ.” सगळे हसलो.

मार्चमध्ये डॉक्टरांनी उघड्यावर, गर्दी नसताना फिरायला परवानगी दिली. भल्या पहाटे टॅक्सी करून शिवाजी पार्कला नेलं. त्या मैदानाभोवती बसायचा कट्टा आहे. कट्ट्याच्या कडेनं माझी पावलं त्यानं मोजायची, असं ठरलं. एका सकाळी अर्धा फेरा, दुसऱ्या सकाळी अर्धा, मधे दमला की कट्ट्यावर बसायचं. एक हजार नऊशेच्या आसपास पावलं झाली. माझं पाऊल दोन फुटांचं धरलं तर तीन हजार आठशे फूट, म्हणजे सव्वा किलोमीटरला थोडं कमी. परिमिती म्हणजे काय हे त्याला परत कुणी सांगावं लागलं नाही. मास्कच्या वर त्याचे डोळे मी त्या दिवशी बघितले. जून महिन्यातलं पोरगं परत दिसलं.

आणि एक केलं, ते साडूंच्या मास्तरांचं. दर शनिवारी संध्याकाळी नातवानं गॅलरीच्या दारात बसून आठवड्यात झालेलं साडूंना सांगायचं. साडूंनी फक्त प्रश्न विचारायचे. एकदा तर साडूंना दशांश अपूर्णांक त्यानंच समजावला. आपल्याला येतंय हे त्याला त्या शनिवारी कळायचं. शाळेत सोबती असतात म्हणून ते आपोआप होतं, घरात मुद्दाम माणूस बसवावा लागतो. आजी असेल, शेजारी असेल, कुणीही चालेल, फक्त चुका काढायला टपलेला नको.

त्याच दिवसांत माझाही हुरूप गेला होता, तेही लिहितो. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याला निर्यातबंदी होती. ती ३१ मार्चला संपेल असं धरून आम्ही लागवड केलेली. २२ मार्चला बातमी आली की बंदी पुढेही चालू. मुलाचा रानातून फोन, “आबा, पाणी तोडलंय. पण काढायचा तरी कशाला? मजुरी निघायची नाही.” मी गप्प. फोन ठेवला तर नातू बघत होता.

“आबा, भाव नसेल तर कांदा काढायचाच कशाला?”

मी म्हटलं, “माना पडल्यावर जमिनीत ठेवला तर मुळ्या फुटतात, सडतो. काढून सुकवून चाळीत ठेवला तर चार महिने थांबतो. भाव आपल्या हातात नाही रे, काढणी आपल्या हातात आहे.”

तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “मग मला पण चाळीतच ठेवलंय ना.”

मला काही बोलता आलं नाही. मेव्हणीनं विषय बदलला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी गावी जाऊन कांदा काढला. रोज संध्याकाळी वावराचा फोटो पाठवायचो आणि तिकडून तो खोडलेल्या धड्यांच्या कागदाचा फोटो पाठवायचा. आठ तारखेला मी परत लालबागला पोहोचलो तेव्हा कागदावर आठ धडे खोडलेले होते, एक राहिला होता. सून म्हणाली, “करून घेऊ का रात्री?” मी म्हटलं, “नको. ठरलंय ते ठरलंय.” पुस्तक बंद झालं. पाडव्याला गॅलरीत छोटी गुढी उभारली. गिरगावची शोभायात्रा पोरानं मोबाइलवर बघितली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीनं आम्ही गाडी करून गावी आलो.

पुढचे दिवस त्यानं फक्त चाळलं. नवीन काही नाही. कांदा सावलीत सुकत होता तसंच. परीक्षेला गुरुजींनी त्याला व्हरांड्यात वेगळं बाक दिलं. मास्क लावून सगळे पेपर दिले. पास झाला. टक्के विचारू नका, पहिल्या पाचात नाही. पण परिमितीचं उदाहरण बरोबर आलं, आणि पेपर सुटल्यावर पोरांनी त्याला घेरलं तेव्हा तो घरी यायला तयार नव्हता. निर्यातबंदी ४ मेला उठली. कांदा चाळीत होता, आम्ही घाई केली नाही, टप्प्याटप्प्यानं काढला.

यंदा ज्यांच्या घरी पोरगं एकटं शिकतंय त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो.

पहिलं, शेवटची तारीख आजच ठरवा. परीक्षा असेल तर तिच्या आठ-दहा दिवस आधीची. परीक्षा नसेल तरी पाडवा, अक्षय तृतीया, गावची जत्रा, काहीही धरा. पोराला टोक दिसलं पाहिजे.

दुसरं, राहिलेलं सगळं पूर्ण करायच्या मागे लागू नका. शाळेच्या गुरुजींना, बाईंना विचारा की आल्याशिवाय चालणार नाही असं किती. ते मोजकंच निघतं. त्याची यादी करा, खोडायचं काम पोराच्या हातात द्या.

तिसरं, वेळ वाढवू नका, कमी करा. अर्धा तास मनापासून बसलेला दोन तास लोळण्यापेक्षा बरा.

चौथं, ऐकणारा माणूस ठेवा. आठवड्यातून एकदा पोरानं त्याला शिकवायचं.

पाचवं, शिकवणाऱ्या बाईमाणसाचाही विचार करा. आमच्या घरात औषध, डबा, दवाखाना आणि वर अभ्यास हे सगळं सुनेच्या अंगावर होतं. तिचा शेवटही त्याच तारखेला झाला पाहिजे. रानात बैलाला विसावा देतो, तर घरातल्या माणसाला का नको?

सहावं, दुखणं असेल तर आधी डॉक्टर, मग पुस्तक. एक वर्ष गेलं तरी बिघडत नाही. जीव राहिला तर वर्षं पुष्कळ आहेत. परळला तो हिशेब आम्ही रोज डोळ्यांनी बघत होतो. शेजारच्या खाटेवरचं एखादं पोरगं परत दिसायचं नाही. म्हणूनच जो धडा राहिला, तो राहिला.

नातू आता सहावीत आहे, शाळेत जातो. गोळ्या चालू आहेत, तपासणीला परळला जावं लागतं, तेव्हा मुक्काम लालबागलाच. त्याचा राहिलेला नववा धडा ‘आकृतिबंध’ होता. परवा त्यानं वाफ्यातल्या रोपांच्या ओळी मोजता मोजता मलाच तो समजावला.

उद्या शेवटचं पाणी. पंधरा दिवसांनी काढणीची नोंद टाकतो.